पहिलीचा पट आणि वीस वर्षांनंतरची शाळा

मेअखेरीला आमच्या गावच्या शाळेत एसडीएमसीची, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या पालकांच्या समितीची, बैठक झाली. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, सरकारी मराठी शाळा, आणि विषय दरवर्षीचाच, पहिलीचा पट. मी पेन्शनीत निघून सात वर्षं झाली, तरी बोलावणं आलं की जातो. चहा झाल्यावर अध्यक्ष अण्णा माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी जन्मभर गणित शिकवलासा. आता एकच सांगा बघू. आणि वीस वर्षांनी ही शाळा असणार काय नाही? आकडे काय म्हणतात?"

त्या दिवशी मी नुसतं "बघूया की" म्हणून उठलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आकडेवारीवरून माणसांच्या समाजाचं पुढचं काही सांगता येतं का, हे कोडं दोनशे वर्षांपासून भल्याभल्यांना पडलेलं आहे. आमच्या शाळेचा पट हे त्याचंच लहानसं रूप. गेले काही आठवडे जे वाचलं, आठवलं, वहीत मांडून बघितलं, ते इथं लिहितो.

आधी जे पक्कं सांगता येतं ते. अंगणवाडीच्या रजिस्टरात आज जी पोरं आहेत, तीच दोन-तीन वर्षांनी पहिलीच्या दारात येणार. गेल्या वर्षी जन्मलेलं पोर आणखी पाच वर्षांनी सहाचं होणार. यात भविष्य सांगण्यासारखं काही नाही, ते पोर पाळण्यात आहेच. लोकसंख्येचे अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ हेच मोठ्या प्रमाणावर करतात. आज कोणत्या वयाची किती माणसं आहेत ते घ्यायचं, दरवर्षी प्रत्येकाला एक वर्षानं पुढं सरकवायचं, त्यातून मृत्यू वजा करायचे, नवे जन्म मिळवायचे, आलेले-गेलेले धरायचे. हिशेब कंटाळवाणा आहे, पण भरवशाचा. संयुक्त राष्ट्रांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीला जगाची २००० सालची लोकसंख्या सव्वासहा अब्जांच्या आसपास धरली होती. प्रत्यक्षात ती सहा अब्जांच्या थोडी वर निघाली. चाळीस वर्षं आधी केलेला अंदाज इतका जवळ येतो, कारण त्यातली बरीच माणसं अंदाज करतानाच जन्मलेली होती.

इथं एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण सीमाभागातल्या मराठी शाळांवर बोलताना ती कुणीच बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नावाची एक मोठी पाहणी आपल्या देशात होते. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, हे तिच्यातून कळतं. १९९२-९३ साली हा आकडा देशात ३.४ होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० वर आला. कर्नाटकात १.७, महाराष्ट्रातही १.७. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात: दोन आई-बापांच्या जागी, आणि वरचा अंश काही मुलं मोठी होण्याआधीच जातात म्हणून आणि मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात म्हणून. आता १.७ ला २.१ ने भागा. ०.८१ येतात. म्हणजे एका पिढीत जिथं शंभर पोरं पहिलीला येत होती, तिथं पुढच्या पिढीत एक्याऐंशी येतील. कुणी गाव सोडलं नाही, कुणी माध्यम बदललं नाही, सरकारनं एक कागद इकडचा तिकडं केला नाही, तरीसुद्धा. तीच उतरण शेजारच्या कन्नड शाळेलाही लागली आहे. पट घटला की आपण लगेच भाषेकडं बोट दाखवतो. भाषेचा भाग आहेच, त्यावर मी पुढं येतो. पण पाळणे कमी हलतात हा भाग वेगळा काढल्याशिवाय दुसऱ्या भागाचं माप कळत नाही.

दुसरी भरवशाची गोष्ट म्हणजे गर्दी. एकटा माणूस काय करेल ते सांगता येत नाही, पण हजार माणसं मिळून साधारण काय करतील ते येतं. बेळगावच्या बसस्टँडजवळ हॉटेल चालवणाऱ्याला विचारा. सोमवारी सकाळी किती इडल्या उठणार ते तो रात्रीच सांगतो. कोण गिऱ्हाईक येणार हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याची त्याला गरजही नसते. स्वित्झर्लंडच्या याकोब बर्नुलींनी या अनुभवाला गणिताचं रूप दिलं, ते १७१३ साली छापून आलं. पुढं बेल्जियममध्ये केतले नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. ताऱ्यांच्या जागा मोजताना होणाऱ्या चुका एका ठराविक रीतीनं विखुरतात हे त्यांना माहीत होतं. तीच रीत त्यांना माणसांत दिसली. लग्नं, गुन्हे, आत्महत्या, ज्या गोष्टी माणूस अगदी आपल्या मनानं करतो असं आपल्याला वाटतं, त्यांचे वार्षिक आकडे वर्षामागून वर्ष जवळपास सारखे येत होते. १८३५ साली त्यांनी यावर लिहिलं आणि ग्रहताऱ्यांसारखं समाजाचंही शास्त्र होईल अशी आशा युरोपभर पसरली.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण घोड्यांचं आहे. बोर्टकिविच नावाच्या अभ्यासकांनी १८९८ साली प्रशियाच्या लष्करातली नोंद तपासली. घोड्याच्या लाथेनं सैनिक मेला, अशा किती घटना? दहा पलटणी, वीस वर्षं, म्हणजे दोनशे पलटण-वर्षं. एकूण मृत्यू १२२. त्या दोनशे पलटण-वर्षांपैकी १०९ मध्ये एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिनांमध्ये तीन, एकात चार. निव्वळ योगायोगाचं गणित मांडलं तर जेवढे येतात, जवळपास तेवढेच हे आकडे. पुढच्या वीस वर्षांत साधारण किती जण लाथेनं मरतील हे सांगता येतं. कोणता घोडा, कोणता सैनिक, कोणता दिवस, हे नाही. हा फरक लक्षात राहू द्या, पुढं युद्धांच्या वेळी लागणार आहे.

मग शाळेचा हिशेब असाच का होत नाही? याचं उत्तर मला एका बाजाराच्या गोष्टीत सापडलं. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर भरणारं वजन ओळखायची पैज होती. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकांनी नंतर ती चिठ्ठ्यांची गठ्ठी मागून घेतली. वाचता येणाऱ्या ७८७ चिठ्ठ्या होत्या. त्या चढत्या क्रमानं लावून मधली काढली तर ती १२०७ पौंडांची निघाली. खरं वजन ११९८ पौंड. शंभरात एकाचीही चूक नाही! रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत ज्यांनी जनावरांचे सौदे बघितलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पण तिथल्या जाणत्याला हेही ठाऊक असतं, की एखाद्या वजनदार माणसानं मोठ्यानं किंमत बोलली की पुढचे सगळे त्याच्याच आसपास बोलतात. मग शंभर तोंडांतून एकच अंदाज येतो, आणि तो चुकला तर सगळेच चुकतात. प्लिमथला प्रत्येकानं चिठ्ठी आपली आपण लिहून दिली होती. गर्दीचा नियम चालतो तो एवढ्या एका अटीवर. घोड्याच्या लाथा एकमेकींना विचारून बसत नाहीत. आई-बाप एकमेकांकडं बघून ठरवतात.

आमच्या गावात पिवळी व्हॅन पहिल्यांदा आली तो दिवस मला चांगला आठवतो. मराठ्यांची पलटण बेळगावातच, त्यामुळं आमच्याकडं घरटी एखादा लष्करातला असतो. तसाच एक जवान सुट्टीवर आला. पंजाबपासून आसामपर्यंत फिरलेला, त्यानं पोराला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. व्हॅन मारुतीच्या देवळापाशी थांबायची. ते एकटं पोर टाय लावून चढायचं आणि आमच्या शाळेकडं निघालेली पोरं थांबून बघायची. दोन वर्षांनी तीच व्हॅन भरून जायला लागली. मी एका घरी विचारायला गेलो. त्या बाईनं चूल सारवता सारवता सांगितलं, "मास्तर, तुमची शाळा वाईट हाय असं मी म्हणत नाही. खरं सगळ्यांची पोरं व्हॅननं जातात आणि माझंच एकटं चालत जाऊ दे काय?" तिच्या मनात भाषेचा विचार नव्हता, शिक्षणाच्या दर्जाचाही नव्हता. तिला आपलं लेकरू मागं राहिलेलं दिसत होतं. मी काही न बोलता परत आलो, आणि ते वाक्य अजून विसरलेलो नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७८ साली नेमक्या या गोष्टीचं गणित मांडलं. त्यांचं उदाहरण दंगलीचं होतं. मी ते व्हॅनवर मांडतो. समजा गावात शंभर घरं. प्रत्येक घराच्या मनात एक आकडा आहे: किती घरांनी पोरं व्हॅननं पाठवली की आपण पाठवायची. जवानाच्या घरचा आकडा शून्य, तो कुणाकडं न बघता पाठवतो. दुसऱ्या घराचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शंभराव्याचा नव्व्याण्णव. जवान पाठवतो, ते बघून एकवालं घर पाठवतं, ते दोघं बघून दोनवालं. शेवटी शंभरच्या शंभर घरं व्हॅनला. आता शेजारचं गाव घ्या. सगळं तेच, फक्त दुसऱ्या घराचा आकडा एकच्या ऐवजी दोन. जवान पाठवतो. दुसरं घर म्हणतं, आणखी एक जाऊ दे मग बघू. तिसऱ्यालाही दोन लागतात. कुणीच हलत नाही. नव्व्याण्णव घरांची पोरं मराठी शाळेत राहतात.

आता कुणी दोन्ही गावांत सर्व्हे केला तर काय हाती येईल? एका गावाची सरासरी ४९.५०, दुसऱ्याची ४९.५१. सर्व्हे करणारा लिहील की दोन्ही गावांची मनं अगदी सारखी आहेत. आणि त्याचं लिहिणं खरंच असेल. तरी पाच वर्षांनी एका शाळेला कुलूप आणि दुसरीत पोरांचा गलका. पहिल्या गावातला मराठीचा अभिमान आटला होता, दुसऱ्यातला जागा होता, असं मग आपण भाषणात सांगतो. हे गणित समजल्यापासून तसली भाषणं मला ऐकवत नाहीत. फरक होता एका घरातल्या एका आकड्याचा, आणि तो हलवायला नलीकली (कर्नाटकातली खेळत शिकायची पद्धत) मन लावून शिकवणारी एखादी नवी बाई पुरते, किंवा व्हॅनचं वाढलेलं भाडं.

यात आणखी एक गुंता आहे. अंदाज ऐकून माणसं बदलतात. उद्या पाऊस पडणार असं हवामान खात्यानं सांगितलं म्हणून ढग विचार बदलत नाही. पण "ही शाळा दोन वर्षांत बंद पडणार" असं गावात कुणी बोललं की आई-बाप पोरं काढतात, आणि शाळा दोन वर्षांत बंद पडते. बोलणारा मग म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं. १९४८ साली रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी यासाठी बँकेचं उदाहरण दिलं होतं. धडधाकट बँक, पण बुडणार अशी हूल उठली, लोक ठेवी काढायला धावले आणि बँक खरोखरच बुडाली. ज्यांनी पतसंस्थेच्या दारातली सकाळची रांग बघितली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

आता आपल्या सीमेकडं येतो. कारण आकड्यांवर भविष्य ठरवणं म्हणजे काय हे या मुलखाइतकं फार थोड्यांनी भोगलं असेल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळला. या सीमावादावर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला, तो महाराष्ट्रानं मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, हा आकडा आमच्याकडं पोराटोरांना पाठ आहे. या सगळ्या वादाचा पाया म्हणजे शिरगणतीतला मातृभाषेचा रकाना.

तो रकाना मी स्वतः भरला आहे. २०११ च्या फेब्रुवारीत, ९ ते २८ तारखेपर्यंत, शिरगणतीच्या कामाला मी घरोघर हिंडत होतो. एका घरात सासूबाई पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. माहेर गोकाककडचं, लग्न होऊन चाळीसेक वर्षं झालेली. मी विचारलं, "मावशी, मातृभाषा काय लिहू?" त्या हसल्या. "काय पण लिवा की. आईसंगट कन्नड बोलत होतो. हितं आल्यावर मराठी. देवाला मराठीत बोलतो, बाजारात समोरचा बोलेल ते." नियम असा होता, की लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. मी कन्नड लिहिलं. मग त्यांच्या मुलाचं. त्याची आई म्हणजे याच मावशी, त्या त्याच्याशी मराठीच बोलल्या, म्हणून त्याची मराठी. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं दोन भाषांच्या बेरजेत गेली. चूक कुणाची नव्हती. मावशींचं चाळीस वर्षांचं मराठी "इतर भाषा" या रकान्यात बसलं. पुढं कुणी त्या बेरजेवरून पन्नास वर्षांनंतरची रेघ ओढली, तर त्या पडवीतलं काय त्याच्या हाती लागणार?

बेरीज कशाची करायची हेही तितकंच महत्त्वाचं. महाराष्ट्राची मागणी नेहमी अशी राहिली की खेडं हा घटक धरा. जिल्हा किंवा तालुका धरला तर उत्तर बदलतं. कसं ते बघा. समजा तीन गावं, प्रत्येकात हजार माणसं. दोन गावांत मराठी ६००, कन्नड ४००. तिसऱ्यात मराठी १००, कन्नड ९००. गाव धरून मोजलं तर तीनातली दोन गावं मराठी. तिन्ही एकत्र केली तर मराठी १३००, कन्नड १७००, म्हणजे सगळा भाग कन्नड. एकही माणूस हलला नाही, एकही आकडा खोटा नाही. घटक कोणता धरायचा हा निर्णय आकडेवारीच्या बाहेर होतो, आणि निकाल मात्र आकडेवारीच्या नावावर लागतो. हे दोन्ही बाजूंनी समजून घेतलं तर निदान एकमेकांना लबाड म्हणायचं थांबेल असं मला मनापासून वाटतं.

सीमा आणि मोजपट्टी यावरून लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांबद्दल सांगायलाच हवं. या विषयात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते हेच. पहिल्या महायुद्धात हातात बंदूक न घेता ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होते. त्याच धामधुमीत, कागद-पेन्सिलीवर, गणितानं हवामान सांगायचा पहिला प्रयत्न त्यांनी केला. सहा तासांच्या अंदाजाला सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलं. हवेचा दाब प्रचंड वाढणार असं गणित सांगत होतं, प्रत्यक्षात तो जवळपास होता तिथंच राहिला. आज आपल्या मोबाइलवर पावसाचा जो अंदाज येतो तो त्यांच्याच वाटेनं आलेला आहे. हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाकडं गेलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढं युद्धं का होतात याच्या मागं लागले. शेकडो लढाया त्यांनी जमवल्या, किती माणसं मेली त्याप्रमाणं त्यांच्या पायऱ्या लावल्या.

दोन देशांची सीमा जितकी लांब तितकी भांडणाची शक्यता जास्त का, हे तपासताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली एकच सीमा, पण एक देश ती ९८७ किलोमीटर सांगतो, दुसरा १२१४. कारण साधं होतं. लांब पट्टीनं मोजलं की वाकडीतिकडी वळणं सुटतात, आखूड पट्टीनं मोजलं की प्रत्येक ओढा, प्रत्येक बांध लांबीत येतो. आमच्या शेताचा बांध मोजायला आलेल्या सर्व्हेअरशी वडिलांनी घातलेला वाद मला हे वाचताना आठवला. तो वादही साखळीच्या लांबीवरूनच होता.

आणि युद्धं? घोड्याच्या लाथांसारखीच. अमुक वर्षांत साधारण किती युद्धं पेटतील हे योगायोगाच्या गणितात बसत होतं. कोणतं, कुठं, कधी, ते नाही. ज्या देशाला शेजारी जास्त, तो जास्त लढायांत सापडतो, एवढं त्यांना दिसलं. दोन्हीकडची भाषा एक असली की भांडणं कमी होतात, असं मात्र सर्वसाधारणपणे आढळलं नाही. ही ओळ मी दोनदा वाचली.

जाणकार तरी कधी-कुठं हे सांगू शकतात का? फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत जवळपास वीस वर्षं हे तपासलं. राजकारण-अर्थकारणाचे २८४ तज्ज्ञ, त्यांचे सत्तावीस हजारांवर अंदाज, आणि पुढं प्रत्यक्ष काय झालं त्याच्याशी ताळा. "आहे तसंच चालू राहील" या साध्या ठोकताळ्यापुढंही बरेच तज्ज्ञ टिकले नाहीत. एकच मोठा सिद्धान्त घट्ट धरून बसणारे जास्त चुकले. थोडं इकडचं, थोडं तिकडचं बघून मत बदलायला तयार असलेले कमी चुकले. सीमाप्रश्न दोन-तीन वर्षांत सुटणार असं माझे वडील १९५७ पासून सांगत होते. ते गेले तेव्हाही सांगत होते. त्यांना हसावं असं मला कधी वाटलं नाही. १९५६ साली कुठल्या आकड्यातून कुणाला दिसलं असतं की हा प्रश्न सत्तर वर्षं चालेल?

एकट्या माणसाच्या बाबतीत तर आकडे अजून लवकर हात टेकतात. अमेरिकेत चार हजारांहून जास्त मुलांची जन्मापासून नोंद ठेवली होती. घर, आई-बाप, पैसा, तब्येत, शाळा, प्रत्येकाच्या जवळपास तेरा हजार गोष्टी. नवव्या वर्षापर्यंतची माहिती दिली आणि १६० संशोधक गटांना सांगितलं, पंधराव्या वर्षी हे मूल अभ्यासात कुठं असेल, घर हलाखीत असेल का, ते सांगा. मोठमोठे संगणक लावले. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. सगळ्यात चांगला अंदाज हा चार साध्या गोष्टींवरून केलेल्या अंदाजापेक्षा जेमतेम बरा होता, आणि तोही फारसा बरोबर नव्हता. मी तीस वर्षं पोरं शिकवली. चौथीपर्यंत ज्याला वजाबाकी जमली नाही आणि ज्याच्याबद्दल मी स्टाफरूममध्ये "याचं काही खरं नाही" म्हणालो, त्यानं आज बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं आहे. माझं ते बोलणं त्याच्या कानावर गेलं नव्हतं, एवढीच माझी पुण्याई.

शेवटची अडचण थोडक्यात. जे अजून सुचलेलंच नाही त्याचा आकडा नसतो. १९६८ साली पॉल एर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात जगात कोट्यवधी माणसं उपासमारीनं मरतील असं ठणकावून सांगितलं होतं. बेरीज-वजाबाकी त्यांची चुकली नव्हती. त्याच सुमाराला गव्हाची बुटकी, भरघोस जात पंजाबच्या शेतात उभी राहत होती, ती त्यांच्या हिशेबात नव्हती. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचं म्हणणं हेच होतं: उद्या माणसाला काय नवं कळेल हे आज कळत असतं, तर ते आजच कळलेलं असतं.

हे सगळं वहीत मांडून झाल्यावर मी एका संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो. म्हटलं, "सोयीसाठी धरा की गावात आता वर्षाला वीस पोरं जन्मतात. पाळण्याचा हिशेब सांगतो की वीस वर्षांनी साधारण सतरा जन्मतील. सगळी मराठी शाळेत आली तर पट सतरा. व्हॅनची साखळी शेवटपर्यंत गेली तर दोन-तीन. आणि खरं उत्तर या दोहोंमध्ये कुठंतरी. पुढच्या पाच वर्षांचं मी बऱ्यापैकी छातीठोक सांगतो, पोरं डोळ्यांसमोर आहेत. वीस वर्षांचं एवढंच."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि हे ग्रामसभेत सांगू काय? दोन म्हणून सांगितलं तर लोक उद्याच पोरं काढतील. सतरा म्हणून सांगितलं तर खोटं होतंय."

हाच प्रश्न मलाही सगळा रस्ताभर पडला होता. बोललेला अंदाज आणि न बोललेला अंदाज सारखा राहत नाही, म्हणून तो लपवायचा का? मला ते पटत नाही. लपवलेला आकडा हूल होऊन बाहेर येतो, आणि हुलीला खालची-वरची बाजू नसते. मी सांगितलं, दोन्ही आकडे सांगूया, पण सुरुवात अंगणवाडीच्या रजिस्टरापासून करूया. आज कोण कोण आहे ती नावं आधी वाचायची. ते कुणाचं मत नाही. मग वरचा आकडा कधी येतो आणि खालचा कधी, ती शंभर घरांची गोष्ट फळ्यावर काढून दाखवायची.

"ती दुसऱ्या घराची गोष्ट पण?" अण्णांनी विचारलं.

"तीच तर आधी," मी म्हणालो. त्यांनी आत हाक मारून अंगणवाडीच्या बाईंना फोन लावायला सांगितला, आणि आम्ही रजिस्टराची वाट बघत कट्ट्यावर बसलो.